सहकुटुंब समुद्रतळी

दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या किनाऱ्यावर सकाळच्या वेळी एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. बेळगावहून, इंदूरहून किंवा बडोद्याहून आलेले एखादे कुटुंब होडीत बसलेले असते. वडील मनातल्या मनात खर्चाचा हिशेब करीत असतात. आईला धाकट्याच्या कानाची काळजी लागलेली असते. थोरल्याला केव्हा एकदा पाण्यात उडी घेतो असे झालेले असते. आणि एकटीला खोलीवर ठेवणे बरे दिसेना म्हणून बरोबर घेतलेली आजी होडीची कड घट्ट धरून बसलेली असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांपाशी होडी थांबते. तेथे शिक्षक दहा मिनिटांत चार गोष्टी सांगतो. श्वास कधीही रोखून धरू नका. कान दुखू लागण्यापूर्वीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घाला. वर येताना घाई करू नका. सोबत्याला नजरेआड होऊ देऊ नका. एवढे ऐकून, पाठीवर हवेचे नळकांडे बांधून, माणसे पाण्यात उतरतात.

ही चार वाक्ये ऐकावयास दहा मिनिटे पुरतात. ती तयार व्हावयास सव्वातीनशे वर्षे लागली. त्यांतील प्रत्येकासाठी कोणाचा तरी कान फुटला आहे, कोणी कायमचा पंगू झाला आहे, कोणी प्राणास मुकला आहे. आणि या इतिहासाचा एक विशेष असा, की त्यातील ऐन मोक्याच्या प्रसंगी शास्त्रज्ञांच्या आणि आरमारी अधिकाऱ्यांच्या शेजारी त्यांची बायकामुलेही उभी दिसतात. पाण्याखालची कौटुंबिक सहल ही अगदी अलीकडची चैन आहे, अशी समजूत असेल तर ती पुरती खरी नाही.

मनुष्य प्रथम पाण्याखाली गेला तो श्वास रोखून. मनारच्या आखातातील मोती काढणारे पाणबुडे दोराला बांधलेल्या दगडावर पाय ठेवून तळ गाठीत, आणि वर होडीत एक माणूस त्यांचा दोर हाती धरून बसे. जपानच्या किनाऱ्यावर ‘आमा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया शिंपले आणि समुद्रवनस्पती गोळा करीत आल्या आहेत. त्यांच्यातील काहींच्या होडीत दोर धरणारा हा त्यांचा पतीच असे. बायको तळाशी, नवरा वर, आणि दोघांमधला संसार एका दोरावर! मुली आयांच्या मागोमाग आधी उथळ पाण्यात शिकत आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने खोल पाण्यात जात. या साऱ्या विद्येचा पहिला धडा एकच होता: श्वास धरून ठेव. जो अधिक वेळ धरील तो अधिक थोर.

पुढे मनुष्याने हवाच खाली नेली, आणि हा धडा नेमका उलटा झाला. धूमकेतूमुळे ज्याचे नाव घरोघर माहीत आहे तो एडमंड हॅली १६९१ मध्ये शिसे मढविलेल्या लाकडी घंटेत बसून समुद्रात उतरला. उपडा पेला पाण्यात दाबला असता आतली हवा जशी आतच राहते, तशी त्या घंटेतली हवा आत राही आणि वरून पिंपे सोडून तिच्यात भर घालता येई. नऊ-दहा वाव खोलीवर पाच माणसे दीड तासाहून अधिक वेळ बसली होती, अशी नोंद त्याने करून ठेवली. त्याच नोंदीत कानांच्या वेदनेचे वर्णनही आहे: पिसाचे टोक कानात जोराने खुपसावे तशी कळ, आणि मग एकाएकी मिळणारी सुटका. आज मालवणच्या पाण्यात धाकटा ज्या कारणाने कान धरून वर बोट दाखवितो ते कारण हेच. नाक धरून फुंकर घालण्याची युक्ती ज्याच्या नावाने ओळखली जाते तो इटालियन वैद्य वालसाल्वा १७०४ मध्ये आपला कानावरील ग्रंथ प्रसिद्ध करीत होता. त्याच्या डोळ्यांपुढे पाणबुडे मुळीच नव्हते. फुटलेल्या कानातला पू बाहेर कसा काढावा, एवढाच त्याचा प्रश्न होता.

दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणून दहा मीटरांवर छाती भरून घेतलेला श्वास पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागतो. श्वास चालू असेल तर ही जादा हवा बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते. तो रोखलेला असेल तर फुफ्फुस फाटते, आणि त्याला फार खोल पाणी लागते असेही नाही. पोहण्याच्या तलावातही असे अपघात घडलेले आहेत. आमा स्त्रीने वरून नेलेला श्वास खाली आकसतो आणि वर येताना जेमतेम पूर्वीइतका होतो. तिला हे भय नाही. नवशिक्याची अडचण अशी, की पाण्यात तोंड बुडताच श्वास धरावा, हा जुना नियम तो शरीरातच घेऊन आलेला असतो. शिक्षकाचे पहिले वाक्य डोक्याला कळते. छातीला ते कळावयास काही वेळ द्यावा लागतो. नवशिक्यांसह आखलेल्या प्रत्येक सहलीची सारी गोम या ‘काही वेळा’त आहे.

दुसरे भय अधिक गूढ होते. रॉबर्ट बॉईल याने १६७० मध्ये एका सापाला काचपात्रात ठेवून त्यातील हवा काढून घेतली तेव्हा सापाच्या डोळ्यात एक बुडबुडा हलताना त्याला दिसला. त्या बुडबुड्याचा अर्थ लागावयास दोनशे वर्षे गेली. मधल्या काळात नद्यांवर मोठमोठे पूल बांधले जाऊ लागले. त्यांच्या पायासाठी दाबलेल्या हवेच्या कोठड्यांत काम करणारे मजूर संध्याकाळी बाहेर पडले की सांध्यांच्या वेदनांनी तळमळत. काही लुळे पडत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ मध्ये याच विकाराने अंथरुणाला खिळला, आणि त्याची पत्नी एमिली त्याचे निरोप व आराखडे घेऊन वर्षानुवर्षे कामावर जात राहिली. १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने कारण स्पष्ट केले. दाबाखाली श्वासातला नत्रवायू रक्तात व मांसात विरघळतो, आणि दाब एकदम उतरला की सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखा तो फसफसून वर येतो. परंतु मग वर यावयाचे ते किती वेळाने, किती टप्प्यांनी, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

ते सांगितले जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने. या माणसाच्या घराण्याची हकीकत भारतीयांनी तरी विसरू नये अशी आहे. ब्रिटिश आरमाराने पाणबुड्यांचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्याने लंडनच्या लिस्टर संस्थेतील पोलादी कोठीत शेळ्यांवर प्रयोग केले. शेळीचे वजन लहान माणसाएवढे असते, आणि सांधा दुखू लागला की ती पुढचा पाय उचलून धरते. मुक्या जनावराची ही तक्रार दुरूनही वाचता येते. दाब दोन वातावरणांवरून एकावर आणला तर शेळ्यांना काही होत नाही, असे त्याच्या लक्षात आले. मग चारांवरून दोनांवर आणण्यासही हरकत नसावी. म्हणजे पाणबुड्याने प्रथम निम्म्या दाबापर्यंत लवकर यावे, तेथे थांबावे, आणि पुढचे अंतर टप्प्याटप्प्याने, वाढत्या सबुरीने काटावे. १९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्यूट बेटाच्या परिसरात, ‘स्पँकर’ या आरमारी जहाजावरून या सिद्धांताची समुद्रात परीक्षा झाली. डॅमंट आणि कॅटो हे दोघे पाणबुडे २१० फूट खोल जाऊन सुखरूप वर आले. हॉल्डेनचे कोष्टक १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. आज पाणबुड्याच्या मनगटावर जो छोटा गणकयंत्राचा डबा असतो त्याच्या आकडेमोडीचे मूळ त्याच कोष्टकात आहे.

त्या उन्हाळ्यात हॉल्डेनचा तेरा वर्षांचा मुलगा जॅक सुट्टीनिमित्त त्याच्याबरोबर होता. त्यालाही पाण्याखाली जावयाचे होते, आणि बापाने त्याला जाऊ दिले. पोशाख प्रौढ माणसाच्या मापाचा होता. मुलाच्या मनगटांशी तो घट्ट बसेना, आणि खाली पोहोचल्यावर त्यात पाणी शिरू लागले. जॅकने हवेची झडप कमीअधिक करून आत चढणारे पाणी आवरून धरले आणि ठरलेला वेळ काढला. तो वर आला तेव्हा थंडीने काकडत होता. घाबरला मात्र नव्हता. शेळ्यांच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला हा गृहस्थ पोटच्या पोराच्या बाबतीत कसा निर्धास्त राहिला, याचे आज नवल वाटते. पण त्या घरची रीतच तशी होती. याच बापाने याच मुलाला पूर्वी एका खाणीत, जेथे छताशी घातक वायू साचला होता तेथे उभे करून, शेक्सपिअरच्या नाटकातील मार्क अँटनीचे भाषण म्हणावयास लावले होते. भाषण अर्ध्यावर येताच मुलाचे पाय लटपटले. खाली पडल्यावर त्याला शुद्ध हवा मिळाली, आणि हा वायू हलका असून वर तरंगतो हे तो जन्मभर विसरला नाही.

हाच जॅक म्हणजे पुढे विख्यात झालेला जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ माणसे गुदमरून मेली, तेव्हा त्याने वडिलांचे काम पुढे चालविले. दाबाच्या कोठीत तो स्वतः बसला आणि सहकाऱ्यांनाही त्याने बसविले. दाबाखालील प्राणवायूच्या विषाराने येणारे झटके त्यांनी स्वतःवर ओढवून घेतले. पाठीच्या मणक्याची दुखापत त्याला जन्मभर पुरली. या प्रयोगांत भाग घेणाऱ्या हेलन स्परवे हिच्याशी त्याने पुढे विवाह केला. हे दांपत्य १९५७ मध्ये भारतात आले. हॉल्डेन १९६१ मध्ये भारताचा नागरिक झाला आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे वारला. त्याचा देह त्याच्या इच्छेनुसार काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला. हेलन १९७८ मध्ये हैदराबादेत निवर्तली. मालवणला मुलाच्या मापाचे जाकीट आणि चेहऱ्याला नीट बसणारा मुखवटा आहे ना, अशी चौकशी करणाऱ्या बापाने १९०६ मधल्या त्या ढगळ पोशाखाची आठवण ठेवण्यास हरकत नाही. मापात न बसणारी सामग्री नवशिक्याला पहिल्याच मिनिटाला घाबरविते, आणि पाण्याखाली घाबरणे हे बहुतेक अपघातांचे पहिले पाऊल असते.

तरी हॉल्डेनचा पाणबुड्या म्हणजे तांब्याचे शिरस्त्राण, शिशाचे बूट आणि वरून पंपाने हवा पुरविणारी माणसे. असा लवाजमा घेऊन कोणी सहलीला जात नाही. ती वाट मोकळी झाली दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत. पॅरिसमध्ये एमिल गान्यां या अभियंत्याने मोटारी पेट्रोलऐवजी वायूवर चालविण्यासाठी एक झडप तयार केली होती. मागणी होईल तेवढाच वायू ती सोडी. आरमारातील अधिकारी जाक कूस्तो याला नेमकी तशीच झडप हवी होती, पण मोटारीसाठी नव्हे, माणसाच्या श्वासासाठी. सिमोन या त्याच्या पत्नीचे वडील गान्यांच्याच कंपनीत अधिकारी असल्यामुळे ही गाठ पडली. जावयाचा हट्ट सासऱ्यामुळे पुरा झाला, असे म्हणावयास हरकत नाही. १९४३ च्या आरंभी पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली परीक्षा झाली, आणि जून महिन्यात सुधारलेले उपकरण लाकडी खोक्यात बांधून आगगाडीने दक्षिणेस बांदोल या गावी आले.

बांदोलला कूस्तो आणि त्याचे दोन मित्र, फिलिप ताये व फ्रेडरिक द्यूमा, एका बंगल्यात बिऱ्हाड करून राहत होते. प्रदेश इटालियन सैन्याच्या ताब्यात होता. खाण्यापिण्याचे हाल होते. घेवड्याच्या वाळल्या दाण्यांतले किडे निवडून भागवावे लागत होते. अशा स्थितीत परक्या सैनिकांची नजर चुकवून त्यांनी एक आडबाजूची खाडी निवडली. पहिल्या बुडीची योजना कशी होती ते पाहण्यासारखे आहे. उपकरण घेऊन कूस्तो खाली जाणार. सिमोन मुखवटा लावून, श्वासाची नळी तोंडात धरून, पृष्ठभागावर पालथी तरंगत त्याच्यावर नजर ठेवणार. आणि तिघांत श्वास रोखून बुडी मारण्यात सर्वांत तरबेज असलेला द्यूमा किनाऱ्यावर विसावलेला, उबदार राहणार, म्हणजे सिमोनने खूण करताच त्याला क्षणात झेप घेता येईल. जो सर्वांत समर्थ त्याने पाण्यात न जाता किनाऱ्यावर थांबावयाचे! उत्साही कुटुंबांत नेमके उलटे घडते. पोहण्यात पटाईत असलेला काका सर्वांच्या आधी उडी घेतो, आणि नवशिकी भाची मागे राहून मुखवट्यातल्या पाण्याशी झगडत असते.

कूस्तो त्या दिवशी साठ फुटांपर्यंत गेला, हात पसरून तरंगला, कोलांट्या उड्या मारल्या आणि एका कपारीत शिरला. तिच्या छताला मोठे शेवंड चिकटलेले होते. ते त्याने एकेक करून वर आणले. सिमोन बुडी मारून ते त्याच्या हातून घेई आणि पृष्ठभागावर नेई. त्या दुष्काळी दिवसांत त्या रात्रीचे जेवण राजेशाही झाले. साठ फूट म्हणजे सुमारे अठरा मीटर. शिकून प्रमाणपत्र मिळविलेल्या नव्या पाणबुड्याला आज जी मर्यादा घालून देतात ती बहुधा एवढीच आहे.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये कूस्तोने आपल्या दोन्ही मुलांना पाण्याखाली नेले. जाँ-मिशेल सात वर्षांचा होता, फिलिप त्याहून धाकटा. त्यांच्यासाठी लहान आकाराची उपकरणे करून घेतली होती, म्हणजे मापाची चूक येथे झाली नाही. झाले ते वेगळेच. खालची मौज पाहून मुलांना बोलल्यावाचून राहवेना. एकमेकांना हाक मारण्यासाठी दोघेही तोंड उघडीत, तोंडातली नळी निसटे, नाकातोंडात पाणी जाई, आणि बापाला या मुलाकडून त्या मुलाकडे धावत नळ्या पुन्हा तोंडात कोंबाव्या लागत. अखेर दोघांना ओढून बाहेर काढून त्याने व्याख्यान दिले, की समुद्र हे मौनाचे जग आहे आणि तेथे गेल्यावर लहान मुलांनी तोंड बंद ठेवावयाचे असते. १९५३ मध्ये निघालेल्या त्याच्या ग्रंथाचे नावही तेच होते. जगातील सर्वांत अनुभवी पाणबुड्या, दोन मुले, उथळ पाणी, आणि तरीही त्याचे दोन्ही हात गुंतले होते. एका शिक्षकाकडे किती नवशिके द्यावेत, या प्रश्नाचे उत्तर आणखी कोठे शोधावयास नको.

अनुभवही दर वेळी तारतो असे नाही. १९४७ च्या सप्टेंबरात कूस्तोच्याच पथकातील मोरिस फार्ग हा कसलेला पाणबुड्या १२० मीटरांच्या प्रयोगात नशिल्या गुंगीने भान हरपून दगावला. नत्रवायूची ही गुंगी तीसेक मीटरांपुढे जाणवू लागते. नवशिक्यांना अठरा मीटरांवर थांबविण्याची जी कारणे आहेत त्यांत हे एक आहे.

यानंतरची दहा वर्षे या इतिहासातील सर्वांत बेफिकीर वर्षे होत. उपकरण खेळाच्या सामानाच्या दुकानांतून विकले जाऊ लागले; ज्याच्या खिशात पैसे तो पाणबुड्या. वापरण्याची विद्या त्याबरोबर मिळत नव्हती. शहाणपण दोन ठिकाणी आधी सुचले. इंग्लंडात १९५३ मध्ये ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब स्थापन झाला. आधी शहरातील पोहण्याच्या तलावात सराव, मग समुद्र, हा शिरस्ता त्याने पाडला, आणि क्लब म्हटला की कुटुंबे आलीच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनरॅड लिंबॉ हा जीवशास्त्रज्ञ आपल्या सहकाऱ्यांना पद्धतशीर शिक्षण देत असे. लॉस एंजेलिस परगण्याच्या उद्यान व क्रीडा खात्यातील मंडळींनी त्याच्याकडून ते शिकून १९५४ पासून सामान्य नागरिकांसाठी वर्ग चालविले. पुढे १९६० मध्ये नाउई आणि १९६६ मध्ये पॅडी या शिक्षकांच्या संस्था निघाल्या. १९५९ मध्ये मोनॅको येथे जागतिक संघटना स्थापन होऊन कूस्तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. त्यांचे आपापसांतील तंटे येथे सांगत बसण्याचे कारण नाही. लिंबॉचे मात्र सांगितलेच पाहिजे. ज्याने इतरांसाठी नियम घालून दिले तोच १९६० मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, कॅसिस गावाजवळच्या एका जलमय गुहेत वाट चुकून मरण पावला. बांदोल तेथून फार दूर नाही.

वर येण्याच्या वेगाची कथा तर मासलेवाईक आहे. अमेरिकी आरमारातील जुने शिरस्त्राणधारी पाणबुडे दोरावरून सावकाश वर येत. तरुण पोहणाऱ्या पथकांना मिनिटाला शंभर फुटांचा वेग हवा होता. १९५० च्या दशकात नवे कोष्टक करताना दोघांची तडजोड होऊन मिनिटाला साठ फूट असे ठरले. हा आकडा प्रयोगातून आला नव्हता, टेबलाभोवतीच्या वाटाघाटीतून आला होता. पण एकदा छापल्यावर जगभर तो वेदवाक्य मानला गेला. अलीकडे तो निम्म्यावर, म्हणजे मिनिटाला नऊ मीटरांवर आला आहे, आणि शेवटी पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबण्याची चाल पडली आहे.

सामग्रीही हळूहळू माणसाळली. आरंभीच्या संचांना हवा किती उरली हे दाखविणारा काटाच नसे. श्वास जड लागला की राखीव हवेची कळ ओढावयाची आणि वर यावयाचे. पाण्यात तोल सांभाळणारे फुगीर जाकीट १९७१ नंतर रूढ झाले, आणि नत्रवायूचा हिशेब ठेवणारे मनगटी यंत्र १९८३ नंतर. हे सारे आल्यावरच दहा-बारा वर्षांचे मूल आणि पन्नाशीचा बाप यांनी एकाच होडीतून उतरावे ही गोष्ट सरसकट शक्य झाली. काही संस्थांनी २००० च्या सुमारास वयाची अट बारावरून दहावर आणली. मात्र दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी बारा मीटरांपलीकडे जावयाचे नाही आणि बरोबर पालक किंवा शिक्षक हवाच, असा निर्बंध ठेवला. या वयाबद्दल डॉक्टरांत आजही एकमत नाही. मुलाला स्वतःहून जावेसे वाटते की नाही, ही कसोटी वयाच्या दाखल्यापेक्षा अधिक बोलकी आहे.

भारतात ही विद्या आरमाराच्या बाहेर पडली ती आधी शास्त्रज्ञांच्या हातून. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाचे केंद्र उघडले. खापऱ्या ओळखणाऱ्या पण पाण्याखाली कधी न गेलेल्या संशोधकांना तेथे वयाच्या तिशी-चाळिशीत नवशिक्या व्हावे लागले. द्वारकेच्या समुद्रातील अवशेष आणि गोव्याच्या सुंची खडकांवरील पोर्तुगीजकालीन जहाजाचे अवशेष त्यांच्याच हातांनी वर आले. पुढे लक्षद्वीप व अंदमान येथे पर्यटकांसाठी पाणबुडीच्या शाळा निघाल्या. मग गोव्याचे ग्रँड बेट, मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी आणि मालवण-तारकर्ली यांची त्यांत भर पडली.

आता ही सहल आखणाऱ्याने काय पाहावे? पहिली गोष्ट म्हणजे पंचांग. शाळांची मोठी सुट्टी मे महिन्यात, आणि मेअखेरीस कोकणचा समुद्र खवळू लागतो. पावसाळ्यात ही कामे बंदच असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. तेव्हाही नद्यांच्या गाळामुळे मालवणचे पाणी अंदमानइतके नितळ नसते. १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या भागात प्रवाळ आणि मासे भरपूर आहेत. पण चित्रपटातले निळे पाणी मनात धरून जाणाऱ्याची निराशा व्हावयाची. दुसरी गोष्ट घरूनच करून जाण्याची. दमा, हृदयविकार, फेफरे, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर होडीवरच्या कागदावर सही करण्याआधी डॉक्टरांचे मत घ्यावे. गरोदर स्त्रीने उतरूच नये. साध्या पडशानेही कानातली वाट बंद होते, आणि त्या दिवशी ज्याला पडसे त्याने वर बसावे हे घर सोडतानाच ठरलेले असावे. म्हणजे ऐन वेळी ‘पैसे भरले आहेत’ हा युक्तिवाद निघत नाही.

नुसती चव घ्यावयाची की शिकावयाचे, हाही निर्णय आधीच हवा. चव घेण्यासाठी एक सकाळ पुरते. शिक्षक हात धरून नेतो. प्रमाणपत्रासाठी तीन-चार दिवस लागतात, शिवाय दोनशे मीटर पोहून दाखवावे लागते आणि दहा मिनिटे तरंगत राहावे लागते. घरात एकाला पोहता येत नसेल तर त्याला त्या वर्गात ओढणे हा छळ आहे. अशा वेळी दोघांनी शिकावे, बाकीच्यांनी पृष्ठभागावरून नळी लावून पाहावे. त्यातही मौज थोडीथोडकी नसते.

परतीच्या प्रवासाचा हिशेब मात्र सर्वांत जास्त विसरला जातो. विमानाच्या खोलीतील हवेचा दाब सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या डोंगरासारखा असतो. सापाच्या डोळ्यातला तो बुडबुडा आठवला तर पुढचे सांगावयास नको. एकच बुडी मारली असेल तर किमान बारा तास आणि लागोपाठ अनेक मारल्या असतील तर किमान अठरा तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. इंदूर, हैदराबाद किंवा बडोद्याकडे संध्याकाळच्या विमानाने निघणाऱ्यांनी तो तिकीट काढतानाच लक्षात घ्यावा. बेळगावकरांना विमान लागत नाही. पण आंबोलीचा घाट समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर वर आहे, आणि शरीराला मोटारीने चढलेली उंचीही उंचीच असते. सहा-आठ मीटरांच्या एका बुडीनंतर त्याचे फारसे भय नाही. दिवसभर खोल बुड्या मारून त्याच रात्री घाट चढणे मात्र टाळावे.

म्हणून शेवटचा दिवस कोरडा ठेवतात. मालवणात तो फुकट जाण्याची भीती नाही. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये पायाभरणी केलेला किल्ला समोरच पाण्यात उभा आहे. तो पाहावा, दुपारी माशाची आमटी आणि सोलकढी घ्यावी, आणि मुलांच्या शरीरातला नत्रवायू त्याच्या चालीने बाहेर पडू द्यावा.

राहिली होडीवरची आजी. खाली गेलेल्या प्रत्येकाचे बुडबुडे पाण्यावर फुटत असतात, आणि किती ठिकाणी फुटतात ते वरून मोजता येते. होडीवाल्याने एकदा दाखवून दिले की हे काम तिला सहज जमते. १९४३ च्या जूनमध्ये बांदोलच्या खाडीत सिमोनकडे सोपविलेले काम फारसे निराळे नव्हते. खालच्या मंडळींना वर यावयास उशीर होतो, तोवर आजी मोजीत असते: एक थोरल्याचे, एक त्याच्या आईचे, दोन शिक्षकांचे, आणि ते खडकाजवळचे बारीकसे, ते धाकट्याचे.